कलम सात आणि एक वाकडी पिन

शनिवार पेठेत, तिसऱ्या मजल्यावर, घैसासांच्या फ्रिजच्या दारावर एक करार चिकटवलेला आहे. लोक फ्रिजवर गॅसवाल्याचा नंबर लावतात, नातवाने काढलेलं चित्र लावतात. इथे कलमं आहेत, तारीख आहे आणि खाली नवरा-बायकोच्या सह्या. अक्षर सरोजिनीबाईंचं. तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईंचं अक्षर ते. त्यात ऱ्हस्व-दीर्घाची चूक शोधायला बसाल तर तुमचाच दिवस फुकट जाईल.

टोपी, पाण्याची बाटली, वेळेवर गोळ्या असली किरकोळ कलमं सोडून द्या. खरं कलम पहिलं. ते असं: 'श्री. गोपाळकृष्ण घैसास हे त्यांचा सध्याचा लॅपटॉप चालू असेपर्यंतच शेतांवर पाणी शोधायला जातील. तो बंद पडेल त्या दिवसापासून ते घरी बसतील. नवा लॅपटॉप घेणे हा या कलमाचा भंग समजला जाईल.'

आता असल्या कागदावर कोणी शहाणा माणूस सही करेल का? गोपाळरावांनी केली, आणि वर पेनाला टोपण लावताना हसले. कारण त्यांचा लॅपटॉप तुमच्या-आमच्या लॅपटॉपसारखा नव्हता. साडेचार किलो वजन, धातूचं अंग, कोपऱ्यांना रबर आणि वर उचलायला डब्यासारखी दांडी. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शेतकऱ्यांना पाणी शोधून द्यायचं काम सुरू केलं. जमिनीत चार लोखंडी मेखा ठोकायच्या, त्यांना क्लिपा लावून वीज सोडायची, ती खाली किती अडते ते मोजायचं आणि त्यावरून खडक कुठे, मुरूम कुठे, पाणी कुठे ते सांगायचं. तेव्हा घेतलेलं हे यंत्र. सोळा वर्षांत ते दोनदा ट्रॅक्टरवरून पडलं होतं. एकदा त्यावर म्हशीने पाय दिला, तर चार दिवस म्हैस लंगडत होती. लॅपटॉपवर ओरखडासुद्धा नाही.

करार झाला तो दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलात. यवतच्या बाजूला एका शेतात गोपाळराव भर उन्हात चक्कर येऊन पडले आणि कांद्याच्या टेंपोतून घरी आले. सरोजिनीबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांना आंघोळीचं पाणी काढून दिलं, मऊ भात वाढला आणि मग कागद-पेन घेऊन बसल्या. त्यांचा अंदाज असा की, लॅपटॉप फार तर वर्ष काढेल. गोपाळरावांचा अंदाज असा की, तो आपल्या तेराव्याला पाहुण्यांना फोटो दाखवायच्या कामी येईल.

गेल्या वर्षापासून मात्र शेतकऱ्यांना रंगीत चित्र हवं झालं. पूर्वी गोपाळराव कागदावर आलेख काढून बोट ठेवायचे, 'इथे'. ते पुरायचं. आता म्हणे पाणी निळं दिसलं पाहिजे, खडक लाल, आणि ते लगेच मोबाईलवर आलं पाहिजे, भावकीत फिरवायला. त्यासाठी नवा प्रोग्रॅम घ्यावा लागला, आणि त्या प्रोग्रॅमने म्हातारं यंत्र अगदी मेटाकुटीला आणलं. लोणी काळभोरला उत्तरेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात ते सत्तावीस टक्क्यांवर पन्नास मिनिटं अडून बसलं. तेवढ्यात उत्तरेश्वरने खात्रीसाठी बोलावलेला पाणाड्या हातावर नारळ घेऊन रानभर फिरला, नारळ उभा राहिला ती जागा दाखवून चहा प्याला आणि गेलासुद्धा. मग लॅपटॉप तापून गप्प झाला.

"चालला का?" घरी आल्यावर सरोजिनीबाईंनी विचारलं.

"थांबत थांबत चालला."

"थांबत, की थांबला?"

"विसावला. विसावणं म्हणजे बंद पडणं नव्हे. तू व्याकरण शिकवलं आहेस."

सरोजिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि भाजी चिरायला घेतली. गोपाळराव समजायचं ते समजले. एकदा विसावा खपला, पुन्हा खपणार नाही. आणि घरी बसायचं म्हणजे काय करायचं? त्यांच्या ओळखीची चार माणसं घरी बसली होती. त्यातला एक सोसायटीच्या नोटिसांमधल्या चुका लाल पेनाने सुधारत असे, दुसरा पाण्याच्या टाकीची पातळी दिवसातून तीनदा वहीत लिहीत असे. गोपाळरावांना त्या वहीची स्वप्नं पडायला लागली. खोटं कशाला बोला, ते घाबरले.

कसब्यात सुदर्शनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि भिंतीला टांगलेले मेलेले लॅपटॉप. हा सुदर्शन मूळचा यवतमाळचा. नोकरीसाठी पुण्याला आला, नोकरी सुटली, पुणं सुटलं नाही. त्याने दांडीचा लॅपटॉप उलटा-पालटा करून पाहिला आणि एकदम आदराने खाली ठेवला.

"काकाजी, याचा प्रोसेसर बदलता येते ना. नवीन लॅपटॉपमध्ये बोर्डाला चिकटवलेला असते, याच्यात सॉकेटात बसवलेला आहे. याच पिढीतला सगळ्यात तेज माझ्याकडे पडून आहे. पण त्याच्या वरचा नका मागू. याला पंखा नाही, सगळी उष्णता अंगातून बाहेर जाते. जास्त दमाचा टाकला तर मांडीवर पोळ्या भाजाल."

गोपाळरावांच्या जिवात जीव आला. नवा लॅपटॉप घेणं हा भंग. पण जुन्याच लॅपटॉपात नवा प्रोसेसर? कलमात तसं काही नव्हतं. ते घरी आले आणि फ्रिजसमोर उभे राहून त्यांनी आपलं म्हणणं मांडलं.

सरोजिनीबाईंनी पोळी उलटली. "मेंदू बदलला की माणूस तोच राहतो का हो?"

"राहतो. रेशन कार्डावर नाव तेच असतं."

हे उत्तर बाईंना बहुधा आवडलं, कारण त्यांनी तव्यावरची पोळी उतरवून गॅस बंद केला. मग हात पुसून त्यांनी पेन घेतलं आणि सहाव्या कलमाखाली सातवं लिहिलं: 'प्रोसेसर बदलण्यास हरकत नाही. मात्र तो श्री. घैसास यांनी स्वतःच्या हाताने, घरी, माझ्यासमोर बदलावा. न जमल्यास कलम एक लागू.'

"हे कशाला?"

"रानात काही बिघडलं तर तो सुदर्शन येणार आहे का कसब्यातून धावत? तुमचं यंत्र तुम्हाला उघडता आलं पाहिजे."

बिनतोड होतं. गोपाळरावांनी सही केली. या वेळी मात्र टोपण लावताना ते हसले नाहीत.

कारण त्यांचा उजवा हात थरथरत होता. वर्ष-दीड वर्ष झालं असेल. अंगठा आपला आपणच हलायचा, कोणी हाक मारल्यासारखा. मेख ठोकायला काही वाटत नसे, हातोडा जड असतो. पण मेखेला वायरची क्लिप लावताना तीन-तीनदा चुकायची. घरात त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती. चहाचा कप अर्धाच भरून घ्यायचा, बटणांचे शर्ट सोडून डोक्यातून घालायचे सदरे काढले, बँकेत सही करायच्या आधी खोकल्याची उबळ आणायची. बायकोला कळलं तर कलम एकची वाटही बघणार नाही, हे ते पक्कं जाणून होते. आणि आता त्याच हाताने, तिच्याच समोर, नखाएवढ्या वस्तूचं काम!

दुसऱ्या दिवसापासून गोपाळराव रोज सकाळी 'कसब्यात गणपतीला जाऊन येतो' म्हणून निघायला लागले. आयुष्यात कधी एवढी भक्ती केली नव्हती. देवळासमोरून हात जोडत ते सुदर्शनच्या दुकानात जायचे आणि एका मेलेल्या लॅपटॉपवर सराव करायचे. पहिल्याच दिवशी सुदर्शनने तो अंगठा पाहिला. विचारलं काहीच नाही. फक्त म्हणाला, "काकाजी, कोपर टेबलाले टेकवा. श्वास सोडला की मग हात खाली न्या."

हे जमलं. अगदी कमाल जमलं. प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात, चारशे अठ्ठ्याहत्तर, केसांसारख्या. सॉकेटाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा, जुना उचलायचा, नव्याच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटाच्या त्रिकोणाशी जुळवायचा आणि सोडून द्यायचा. तो आपल्या वजनानेच खाली बसतो. दाबलात की मेलात. आठ दिवसांत गोपाळरावांनी हे चौदा वेळा केलं. चार वेळा पिना वाकल्या, पण दुसऱ्या दिवशी त्या सरळ झालेल्या असायच्या. शेवटचे तीन दिवस एकही वाकली नाही.

"आता घरी करा बिनधास्त," असं म्हणून सुदर्शनने नवा प्रोसेसर डबीत घालून दिला. बाकीची सेटिंग्ज त्याने आधीच करून ठेवली होती.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर पसरली. समोरच्या खुर्चीवर सरोजिनीबाई, हाताची घडी, परीक्षेला बसलेल्या मुलांवर नजर ठेवायची तशी. गोपाळरावांनी कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढलं आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्या जागी चिकटपट्टीने डकवला. बत्तीस स्क्रू. कोपर टेबलावर, श्वास सोडून. एकही निसटला नाही. पत्रा निघाला, उष्णता वाहून नेणारी, वाळून खडू झालेली जुनी पेस्ट स्पिरिटच्या बोळ्याने पुसली गेली, सॉकेटाचा स्क्रू अर्धा फेरा फिरला आणि सोळा वर्षांचा जुना प्रोसेसर अलगद वर आला. गोपाळराव मनातल्या मनात हरखून गेले. आता डबी उघडायची, जुळवायचा, सोडायचा.

"थांबा," सरोजिनीबाई म्हणाल्या.

त्या उठल्या, डबी घेऊन देवघरात गेल्या आणि गोपाळराव तोंड उघडायच्या आत परतही आल्या. या घरात नवी वस्तू देवासमोर ठेवून हळद-कुंकू लावल्याशिवाय वापरत नाहीत. मिक्सरला लावलं होतं, गीझरला लावलं होतं, कुकरच्या नव्या शिट्टीलासुद्धा. आणि हा तर मेंदू! ओल्या बोटाने, मधोमध, चकचकीत भागावर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट, वर चार अक्षता. ज्या कामात आपण नवऱ्याला नापास करायला बसलो आहोत त्या कामाला यश येवो म्हणून बाईंनी नमस्कारही केला होता.

गोपाळरावांनी प्रोसेसरकडे पाहिलं. "अगं, तिथूनच उष्णता बाहेर जाते. तिथे पेस्ट लावायची असते."

"अय्या," सरोजिनीबाई म्हणाल्या. गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्या तोंडून हा शब्द निघाला नव्हता.

"असू दे. पुसतो."

पण पुसायचा सराव झालेला नव्हता. डाव्या हातात कडेने धरलेला प्रोसेसर, उजव्या हातात बोळा, आणि कोपर कुठे टेकवावं ते कळेना. अक्षता झटकल्या. हळद गेली. कुंकवाचा शेवटचा डाग काढताना अंगठा हलला. प्रोसेसर चिमटीतून सुटला आणि टेबलाच्या कडेवर, पोटावर आपटला.

उचलून पाहिलं, तर कोपऱ्यातली एक पिन शेजारणीच्या अंगावर रेलली होती.

गोपाळरावांनी सुई मागितली. सरोजिनीबाईंनी दिली. ते पिनेखाली सुई घालायला गेले आणि आता सगळा हातच हलायला लागला, मनगटापासून. त्यांनी श्वास सोडला, पुन्हा घेतला, पुन्हा सोडला. सुई कधी इकडच्या पिनेला लागायची, कधी तिकडच्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आणखी एखादी वाकली असती. त्यांनी सुई चादरीवर ठेवली आणि दोन्ही हात टेबलाखाली मांडीवर घेतले.

"झालं," ते म्हणाले. "कलम एक लागू. उत्तरेश्वरला फोन करून सांगतो, दुसरा कोणी बघ म्हणून."

सरोजिनीबाईंनी खुर्ची मागे सारली. उठल्या आणि आत गेल्या. गोपाळरावांना वाटलं, फोन आणायला गेल्या. त्या आल्या त्या शब्दकोडी सोडवायची आपली शिशाची पेन्सिल घेऊन, तीच बारीक शिसं घालायची, खटका दाबायची. त्यांनी आतलं शीस काढून टाकलं, खिडकीकडे तोंड करून खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि पेन्सिलीचं पोकळ टोक त्या वाकड्या पिनेवर टोपीसारखं चढवलं. मग जरासं उभं केलं. पुन्हा जरासं. एकदम नाही. पिन रांगेत उभी राहिली.

गोपाळराव बघतच राहिले. "हे तुला कोणी शिकवलं?"

"सुदर्शनने."

"कधी?"

"संध्याकाळी. तुम्ही सकाळी वाकवायचात आणि मी संध्याकाळी सरळ करायचे. त्या मुलाने तुम्हाला सांगितलं नाही, कारण मी नको म्हटलं होतं."

देवळाच्या नावाने आपण एकटेच बाहेर पडत होतो, अशी गोपाळरावांची समजूत होती.

"म्हणजे तुला माहीत होतं? हाताचं?"

"अहो, चाळीस वर्षं तुम्हाला चहा देते आहे. कप अर्धा कधीपासून झाला ते मला कळणार नाही?" सरोजिनीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ती ठेवताना त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "सातवं कलम कशाला लिहिलं मी? तुम्ही म्हणाल, अगं, माझा हात थरथरतो, मला जमायचं नाही. एवढं वाक्य. दीड वर्ष वाट बघितली मी त्या वाक्याची. कसब्यातल्या परक्या मुलाला कळलं, आणि मला? मी कोण आहे, पंच?"

गोपाळराव चादरीकडे बघत बसले. बत्तीस स्क्रू आपापल्या जागी होते.

"भीती वाटली," ते म्हणाले.

"माझी?"

"तू थांबा म्हणशील याची."

"म्हणणारच होते," सरोजिनीबाई म्हणाल्या. "पण यंत्र विसावल्यावर चार दिवस तुम्ही घरी होतात ना, वर्तमानपत्र तीनदा वाचायचात आणि घड्याळाला किल्ली द्यायचात. घड्याळ सेलवर चालतं आपलं. मला नाही बघवलं ते. राग आला तुमचा आणि रडूही आलं. म्हणून गेले मी सुदर्शनकडे."

त्यांनी पदराने डोळे टिपले आणि प्रोसेसर उचलला. "आता त्रिकोण दाखवा. माझी शिकवणी पिनांपुरतीच होती."

गोपाळरावांनी बोटाने त्रिकोण दाखवला. बोट हलत होतं, पण दाखवण्याइतकं नीट होतं. सरोजिनीबाईंनी जुळवलं आणि सोडलं. प्रोसेसर आपल्या वजनाने खाली बसला. स्क्रू अर्धा फेरा फिरला.

"आता पेस्ट. मधोमध, साबुदाण्याएवढी."

"भिजलेल्या की कोरड्या?"

गोपाळरावांनी क्षणभर विचार केला. सुदर्शनने हे सांगितलं नव्हतं. "कोरड्या," ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. बत्तीस स्क्रू परत लागायला तास लागला. ते सांगायचे कुठला कुठे, बाई लावायच्या. लॅपटॉप सुरू झाला. उत्तरेश्वरच्या रानाचे जुने आकडे घातले, तर सत्तावीस टक्क्यांवर पन्नास मिनिटं अडलेलं चित्र एकोणीस मिनिटांत पुरं झालं, निळं, लाल, पिवळं. दोघांनी लॅपटॉपच्या पाठीला हात लावून पाहिला. कोमट होता.

रानाचा उरलेला भाग मोजायला बुधवारी सकाळी लवकर दोघं लोणी काळभोरला पोचली. उत्तरेश्वर बांधावर उभा होता. त्याने रिक्षातून उतरणाऱ्या सरोजिनीबाईंकडे पाहिलं. डोक्यावर टोपी, पायांत बूट, खांद्याला वायरचं भेंडोळं.

"काकू बी आल्या व्हय? काय विशेष?"

सरोजिनीबाई काहीतरी सांगायला गेल्या. बहुधा हवापालट असं काहीतरी त्यांनी तयार ठेवलं होतं. पण गोपाळराव त्यांच्या आधी बोलले, आणि जरा मोठ्यानेच.

"माझा हात थरथरतो, उत्तरेश्वर. मेखा मी ठोकतो, क्लिपा ही लावते."

उत्तरेश्वरने त्यांच्या हाताकडे पाहिलं. गोपाळरावांनी तो खिशात घातला नाही.

"मग त्यात काय हाय," तो म्हणाला, "आमच्या आबांचाबी थरथरतो. चला, ऊन व्हायच्या आत उरकू."

सरोजिनीबाई वायरचं टोक घेऊन पुढे गेल्या. गोपाळरावांनी हातोडा उचलला.